टोमॅटोचं शेवटचं खत

आत्याला मी माफ केलेलं नाही, हे आधीच लिहून टाकते. म्हणजे पुढं वाचताना कुणी त्या वळणाची वाट बघत बसणार नाही. आठवणी लिहायच्या ठरल्यावर मी सवयीप्रमाणे यादी करायला बसले. शाळा, विहीर, अण्णांची सायकल, आईच्या मासवड्या, बारावीचा निकाल असं एकाखाली एक लिहीत गेले आणि दर वेळी पेन्सिल काकडीच्या त्या हंगामाशी येऊन थांबली. तेव्हा तो एकदाचा उरकलेला बरा.

आमचं घर चाकणच्या बाहेर, मळ्यात होतं. चार खोल्या, पुढं ओटा, मागं गोठा आणि गोठ्याला लागून ठिबकची खोली, जिच्यात फिल्टर, खत कालवायचा निळा ड्रम आणि वाल्व होते. घरात माणसं चार. अण्णा, म्हणजे माझे वडील, कंपनीत शिफ्टला जायचे. आई घर आणि म्हशी बघायची. मी बारावी होऊन घरी बसले होते. चौथी अण्णांची थोरली बहीण, इंदूआत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती सासर सोडून परत आली होती. का, ते तिनं सांगितलं नाही आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. अण्णा कंपनीत चिकटले तसं शेत आपोआप तिच्याकडं आलं. नांगरट कधी, बी कुठलं, रोजानं कुठल्या बाया बोलवायच्या, सगळं तिच्या डोक्यात. तिला लिहितावाचता येत नव्हतं आणि लिहिणाऱ्यांबद्दल तिचं मत वाईट होतं. ठिबकच्या खोलीची चावी तिच्या कमरेच्या चंचीत असायची, सुपारीबरोबर, त्यामुळे त्या चावीला कायम कातासुपारीचा वास यायचा.

शेजारच्या रानात कारखान्याची शेड उठली होती. आत पत्रे दाबायचं मोठं यंत्र होतं. दिवसभर त्याचा धप्प, धप्प ठोका पडायचा आणि प्रत्येक ठोक्याला आमच्या मांडणीतली ताटं किणकिणायची. रविवारी ठोका थांबला की आई उगाचच मांडणीकडं बघायची. त्या कारखान्याचा भोंगा हे आत्याचं घड्याळ होतं. सकाळच्या भोंग्याला मोटर चालू, चहाच्या भोंग्याला बंद. माझ्या हातात दहावीला मिळालेलं घड्याळ होतं आणि मी मिनिटं लिहून ठेवायचे. भांडणाचं बी इथंच पडलेलं होतं.

गावात मल्चिंग पेपर पहिल्यांदा आमच्या वीस गुंठ्यांत अंथरला गेला. वरून चंदेरी, खालून काळा, कडा मातीत पुरलेल्या आणि रोपापुरती गोल भोकं. त्याच्या पोटात, गादीवाफ्यावर, ठिबकची नळी. ठिबकच्या दुकानदारानं एक छापील तक्ता दिला होता आणि एक गोष्ट बजावून सांगितली होती: हा पेपर एका पिकासाठी नाही. आधी टोमॅटो घ्यायचा, तो संपला की त्याच पेपरवर, त्याच नळीवर काकडी. नांगरायचं नाही, उकरायचं नाही. त्याचाच दुसरा अर्थ असा की एकदा पेपर पडला की वाफ्यात हातानं खत घालता येत नाही. जे द्यायचं ते ड्रममध्ये विरघळवून, पाण्याबरोबर, नळीतून. आत काय गेलं ते कुणाला दिसत नाही. ज्यानं दिलं त्यालाच ठाऊक. म्हणून मी वही घातली. तारीख, खत, किती किलो, किती मिनिटं, नंतर नळी धुवायला साधं पाणी किती. आत्या त्या वहीला ‘कारकुनी’ म्हणायची आणि पुढं मलाही तेच नाव पडलं.

टोमॅटो गुडघ्याएवढा झाला असेल. एका सकाळी आत्यानं मोटर चालू केली ती चहाचा भोंगा झाला तरी बंद करेना. मी गेले. रोजाच्या सहा बाया तिथंच वाफ्यावर ताणलेल्या तारेला सुतळीनं झाडं बांधत होत्या.

“आत्या, बंद करा. खाली चिखल झालाय.”

“सरी भेगाळली ती दिसत न्हाई व्हय? का डोळं वहीत ठिवून आलीस?”

“सरी कोरडीच राहणार. झाडं सरीत नाहीत, पेपरखाली आहेत. भोकातून हात घालून बघा.”

“तीस वर्सं माती बघती मी.”

“वरून बघता. एकदा खालून बघा.”

बायांमधली एक जण म्हणाली, “इंदूअक्का, पोरगी परीक्षा घ्यायला लागली की तुमची.” बाकीच्या हसल्या. मी तेवढ्यावर थांबले नाही. भोकात मनगटापर्यंत हात घातला, मूठभर चिखल काढला आणि आत्याच्या तोंडासमोर धरला. तो बोटांतून गळत होता. मी खरी होते. पुढच्या आठवड्यात दोन ओळींतली रोपं मुळं कुजून आडवी झाली आणि मी आणखी खरी ठरले. चिखल दाखवल्याचा मला आजही पस्तावा नाही. बायांसमोर दाखवला, एवढं चुकलं. आणि तेही मी आत्ता म्हणते, तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं.

त्या दिवसापासून आत्या माझ्याशी बोलायची बंद झाली. मी कशाला मागं राहते, मीही बंद झाले. चार खोल्यांच्या घरात, एका ड्रमवर आणि एका मोटरीवर, चार महिने. अण्णांनी वाटणी करून दिली होती: मोजायचं काम असतं म्हणून खत माझं, पाणी आत्याचं, चावी आत्याची. म्हणजे रोज एकमेकींना काहीतरी सांगणं भागच होतं. ते आईमार्फत चालायचं.

“मंगल,” आत्या माझ्यापासून चार हातांवर बसून म्हणायची, “त्या कारकुनीला सांग, मोटर भोंग्याला बंद करायची. न्हाई तर वही उशाला घिऊन पडंल.”

आई माझ्याकडं वळायची. “वैशाली, मोटर वेळेवर बंद कर हं.”

“त्यांना सांग, भोंगा कामगारांच्या चहासाठी असतो, टोमॅटोच्या नाही.”

“वन्सं, करते म्हणाली.”

समोरासमोर असलो की दोघींनाही मूळ ऐकू यायचं, त्यामुळं आईच्या त्या निवडलेल्या वाक्यांना काही अर्थ नसायचा. पण आत्या गोठ्यात आणि मी रानात असले की मूळ कुणाला कळायचं नाही. आईनं पाखडून पुढं केलेलं तेवढंच पोचायचं. ती भाकरी थापता थापता ऐकायची, कुचकं ते काढायची आणि उरलेलं दुसरीला द्यायची. घर त्यावर चाललं होतं. मला तेव्हा ते दिसलं नाही. मला वाटायचं, आत्या माझ्या मागं नरम पडते. आत्यालाही माझ्याबद्दल तसंच वाटत असणार.

टोमॅटोचे शेवटचे तोडे सुरू झाले. तक्त्यात लिहिलं होतं की पीक संपायच्या तीन आठवडे आधी खत थांबवायचं, म्हणजे वाफ्यात शिल्लक असेल ते झाड खाऊन टाकतं आणि पुढच्या पिकाला वाफा स्वच्छ मिळतो. उघड्या रानात उरलेलं खत पावसानं तरी खाली जातं; पेपरखाली पाऊस पोचत नाही, जे साठतं ते तिथंच बसतं. मी खत थांबवलं. वहीत रेघ मारली आणि तसा निरोप दिला. शेंडे जरा पिवळे पडले, फळ बारीक झालं. ते व्हायचंच होतं.

त्याच दिवसांत अण्णांचं डोकं फिरलं. शिफ्टला निघाले होते, ओट्यावर बसून कंपनीचे जड बूट घालत होते. आत्यानं आईला काहीतरी सांगितलं, मी आईला काहीतरी सांगितलं, आई मध्ये पाण्याचा तांब्या घेऊन उभी. अण्णांनी बुटाची नाडी सोडली आणि तिघींकडं पाहिलं.

“कंपनीत सुपरवायझर बोलतो, घरी तुमी बोलत न्हाई. ताप सारखाच. आता ऐका. काकडी वैशालीची. पाणी बी तिचं, खत बी तिचं. अक्का, तू बघायचं बी न्हाई. गावच्या यात्रेला मी रानात जाणार. येल तारेला लागल्यालं दिसलं, तर चावी कायमची तिची. न्हाई दिसलं, तर यात्रा झाली की ती कंपनीत. वायरी जोडायला पोरी घेत्यात. हॉस्टेल हाय, बस हाय, भांडायला सुपरवायझर हाय.”

आत्यानं चंचीतून चावी काढली आणि ओट्यावर टाकली. “मंगल, तिला सांग, चावी दिली. माती न्हाई दिली म्हणावं.”

मला कंपनीत जायचं नव्हतं. माझ्या वर्गातल्या दोन मुली गेल्या होत्या. यात्रेला आल्या की त्यांच्या बोटांच्या पेरांना चिकटपट्ट्या असायच्या आणि त्या बोलता बोलता घड्याळ बघायच्या. त्यांचं वाईट चाललं होतं असं नाही, माझ्यापेक्षा कपडे चांगले होते. पण मला ते वीस गुंठे हवे होते. आत्याच्या नाकावर टिच्चून हवे होते, हेही खरं.

मी यादी केली आणि यादीबरहुकूम सगळं केलं. टोमॅटोची झाडं उपटली नाहीत, पेपर फाटू नये म्हणून बुडाशी कापली. नळ्यांची टोकं सोडून घाण काढली. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली. जुन्या दोन भोकांच्या मध्ये नवं भोक पाडलं. गोठ्याच्या सावलीत ट्रेमध्ये केलेली काकडीची रोपं लावली आणि पहिल्याच पाण्याबरोबर खताचा भरघोस हप्ता सोडला. हिशेब सरळ होता: टोमॅटो महिनोन्महिने खातोय, तीन आठवडे काही दिलेलं नाही, वाफा रिकामा आहे, रोप उपाशी राहू नये. वहीत सगळं होतं. ती वही मी तेव्हा देवासारखी वागवायचे.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आधी पिवळी किनार, मग तपकिरी, मग हात लावला की चुरा. दुपारी रोपं माना टाकायची. पाणी कमी म्हणावं तर भोकात हात घातला की माती ओली, हवी तेवढीच. जास्त म्हणावं तर चिखल नाही. मी कारणांची यादी केली: ऊन, रोग, कीड, ट्रेमधून काढताना दुखावलेली मुळं. एकेकावर काट मारत गेले. यादी संपली आणि रोपं जळतच राहिली. यात्रेला अठरा दिवस उरले होते.

दुपारी आई भाकरी घेऊन रानात आली. बाजरीची भाकरी, ठेचा आणि ताक, फडक्यात बांधलेलं. तिच्या मागून आत्या. बघायचं नाही असं अण्णांनी सांगितलेलं असूनही. आल्यासरशी ती पहिल्या वाफ्यापाशी उकिडवी बसली, बाही मागं सारली आणि भोकात हात घातला. तिला पेपरखाली हात घालताना मी पहिल्यांदा पाहत होते. चिमूटभर माती काढली, जिभेवर ठेवली, क्षणभर थांबली आणि लांब थुंकली.

“मंगल,” ती म्हणाली, “सांग तिला, मीठ झालंय. लोणच्याच्या बरणीत काकडी लावलीया पोरीनं.”

“सांग त्यांना, मी मोजून दिलंय. वहीत आहे.”

“तिच्या वहीत तिचं आसंल. माझं कुठं हाय?”

“तुमचं काय?” हे मी तिलाच विचारलं. तोंडातून निसटलं.

आत्या माझ्याकडं नाही, आईकडं वळली. “मंगल, तू हिला सांगितलं न्हाईस?”

आई फडक्याची गाठ सोडत होती, ती तशीच थांबली. शेडमधल्या यंत्राचे तीन ठोके पडले.

“नाही सांगितलं,” आई म्हणाली.

“गोठ्यात सांगितलं तुला. टोमॅटोचं शेंडं पिवळं पडलं, म्हून शेवटचं खत दिलं. युरिया आन् पोटॅश, अख्ख्या दोन गोण्या, ड्रमातनं. तिला सांग म्हणलं.”

“तेवढंच म्हणाला होता का वन्सं? सगळं सांगा की.”

मग आईनंच सांगितलं, आवाज न चढवता, पाढे म्हणावेत तसं. “त्या कारकुनीला सांग, तुझ्या वहीच्या भरवशावर टोमॅटो उपाशी मेला आसता. हिच्या हाताला माती लागली तर ती सुतक समजून आंघोळ करती. शेवटचं खत मी दिलं, लिव म्हणावं माझं नाव तुझ्या वहीत. हे पोचवू? मी त्यातलं वाईट काढायला गेले. काढता काढता काही उरलंच नाही.”

मी आत्याकडं बघून हसले असणार, कारण आई माझ्याकडं फिरली.

“तू हसू नको. तू काय निरोप दिला होतास? ‘त्यांना सांग, काकडीसाठी खत थांबवलंय, ज्याला वाचता येत नाही त्यानं ड्रमला हात लावू नये.’ मी वन्संना काय सांगितलं ठाऊक आहे? वैशाली म्हणते, तुम्ही दमता, खताचं राहू द्या.”

आत्यानं हळूच मान वर केली. खत मुद्दाम थांबवलंय हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिला दिसलं होतं ते उपाशी झाड आणि विसरलेली पोर. मला दिसला होता तो रिकामा वाफा. आणि खत म्हणजे शेवटी क्षारच, दुप्पट झालं की मुळं जाळतं. दोघींनी आपापल्या जागी शहाणपण केलं होतं आणि मध्ये काकडीची रोपं बसवली होती.

“चार महिने मी तुमचं खरकटं तोंडात धरून फिरले,” आई म्हणाली. “आजपासून माझ्या तोंडून कुणाचा शब्द कुणाला जाणार नाही. भाकरी ठेवली आहे. खायची तर खा, नाहीतर म्हशीला घाला.”

ती गेली. आईला एवढी वाक्यं एका दमात बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही.

रानात आम्ही दोघी उरलो. आत्यानं इकडं तिकडं पाहिलं. सांगायला कुणी नव्हतं. म्हैस होती, पण लांब होती. शेवटी ती त्या जळलेल्या रोपाला म्हणाली, “रान धुवावं लागंल.”

“किती?” मी हातातल्या वाल्वला विचारलं.

“गोडं हुईस्तोवर.”

हे काही माप नव्हे. मी वहीचं मागचं पान काढून माप बसवलं. रोजचं पाऊण तास पाणी सोडलं तर मीठ नुसतं मुळांपाशी खेळत राहतं; ते मुळांच्या खाली ढकलायचं तर एका दमात तीन-तीन तास साधं पाणी हवं. उन्हाळ्याच्या तोंडाला विहिरीत एवढं पाणी एकदम सगळ्या रानाला नव्हतं. मी रानाचे दोन भाग केले, सकाळी एक भाग, संध्याकाळी दुसरा, तोवर विहीर भरायची. असं चार दिवस. रोज पाणी बंद झालं की आत्या यायची, बाही सारायची, तीन ठिकाणी हात घालायची: नळीपाशी, भोकात आणि पेपरच्या कडेला. चाखायची, थुंकायची आणि एकेक शब्द टाकायची. मी लिहायचे. पहिल्या दिवशी तिन्हीकडं ‘खारट’. दुसऱ्या दिवशी नळीपाशी ‘कमी’. तिसऱ्या दिवशी नळीपाशी ‘गोडं’, भोकात ‘कमी’, कडेला ‘जहर’. मीठ पाण्यापुढं पळून कडेला जाऊन बसत होतं. माझ्या तक्त्यात हे नव्हतं आणि तिच्या तीस वर्षांतही नव्हतं, कारण तिनं कधी पेपरखाली चाखलं नव्हतं.

“काय लिवती?” तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं. मलाच. दुसरं कोण होतं?

“तुम्ही बोलता ते.”

“नाव घातलं का माझं?”

“घातलं.”

“वाच.”

“इंदूआत्या: नळीपाशी गोडं, भोकात कमी, कडेला जहर.”

“त्याच्या आधीचं वाच. गोण्याचं.”

“इंदूआत्या: युरिया, पोटॅश, दोन गोण्या, न सांगता.”

“न सांगता कसं? मंगलला सांगितलं हुतं.”

“मला नाही सांगितलं.”

तिच्या खालच्या ओठाला माती लागली होती. “आसू दे. मग त्याच्या खाली तुझं बी लिव. वैशाली: खत दिलं, चाखलं न्हाई.”

मी लिहिलं. पेन्सिलीनं लिहिलं होतं, तरी आजवर खोडलेलं नाही. ती वही माझ्या कपाटात आहे आणि दुसरं पीक लावायच्या आधी मी ते पान उघडते. लोकांना वाटतं, मी खताची मात्रा बघते.

पाचव्या दिवशी जुन्या भोकांचा नाद सोडून नळीच्या अगदी पोटाशी नवी भोकं पाडली आणि बी टोचलं. रोपं नव्हतीच उरली. खत शून्य, नुसतं थोडं थोडं पाणी. आत्या वाफ्याच्या एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. बियांशिवाय दुसऱ्या कशाची देवाणघेवाण नाही.

यात्रेच्या सकाळी आईनं पुरणाचा घाट घातला होता. घरभर वेलदोड्याचा वास. सणाची सुट्टी म्हणून शेडमधला ठोका बंद होता, त्यामुळं देवळाकडचे ढोल मळ्यापर्यंत ऐकू येत होते. अण्णा धुतलेली टोपी घालून बांधावर आले. मी आदल्याच दिवशी हॉस्टेलला न्यायच्या सामानाची यादी केली होती: सोलापुरी चादर, बादली, दोन ड्रेस, कुलूप. बी टोचून तेरा दिवस झाले होते. वेल वीतभर. तजेलदार, काळपट हिरवे, एकसारखे, पण वीतभर. तार माझ्या खांद्याला लागत होती.

अण्णांनी रानभर नजर फिरवली आणि तारेवर बोट ठेवलं. “न्हाई लागलं.”

“नाही,” मी म्हणाले. कारणं सांगायची नाहीत असं मी ठरवलं होतं. आत्यासमोर तर मुळीच नाही.

“ठरलं ते ठरलं.”

“बाळू,” आत्या मागून अण्णांना म्हणाली. ती नवं लुगडं नेसून देवळात निघाली होती. “तारेला लागंल कसं? आठ दिस जळण्यात आन् धुण्यात गेलं. रान मी खारवलं हुतं.”

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या तोंडून चूक कबूल झालेली त्यांनीही कधी ऐकली नसावी. मला वाटलं, आता ती माझ्याकडं बघेल. तिनं बघितलं नाही.

“तिची बाजू घेतीया आसं समजू नगंस,” ती पुढं म्हणाली. “माझं नाव तिच्या वहीत चढलंय, दोन गोण्यांसकट. ही कंपनीत गेली तर वही घिऊन जाईल. हॉस्टेलात पोरी गोळा करून वाचून दावंल, आमची आत्या कशी अडाणी म्हून. वही हितं ऱ्हायली पायजे. वही हितं ऱ्हायची तर ही बी हितंच ऱ्हाऊ दे. चावी ठिव म्हणावं तुझ्यापाशी.”

अण्णांना हसू आलं, ते त्यांनी टोपी नीट करण्यात दडवलं. मला आलं नाही. मी जिंकले होते आणि तो विजय तिनं मला शिळ्या भाकरीसारखा पुढं टाकला होता. मी तो घेतला. चावी अजून माझ्याकडं आहे, कातासुपारीचा वास मात्र केव्हाच गेला.

काकडी पुढं तारेला लागली, तारेवरून पलीकडं गेली आणि उतरवता उतरवता हात दुखेपर्यंत आली. आई रोज कोशिंबीर करायची. आत्या तिला हात लावायची नाही.

आता रानाच्या तिन्ही बाजूंना शेड आहेत. माझा भाजीचा टेम्पो पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये जातो. एका पेपरवर मी तीन पिकं काढते. मातीतले क्षार मोजायचं छोटं यंत्र माझ्याकडं आहे, आकडा दाखवतं, भांडत नाही. ठिबकच्या खोलीच्या दारावर नियमांची यादी आहे. त्यातला शेवटचा असा, की ज्यानं खत दिलं त्यानं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, निरोप चालणार नाही. अण्णा आणि आई आता नाहीत. आत्या आहे, खाटेवर, मधल्या खोलीत. तिचं मी करते, वेळच्या वेळी, औषधांची यादी भिंतीवर लावून. प्रेमानं करते असं मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तीही तसा आळ माझ्यावर घेत नाही.

गेल्या महिन्यात टोमॅटो काढून काकडी लावायची होती. यंत्रानं आकडा ठीक दाखवला. मी तरी वाटीत मूठभर माती घेऊन तिच्या खाटेपाशी गेले. जेवणातलं मीठ तिला आता कळत नाही, सगळं अळणी म्हणते. तिनं चिमूट जिभेवर ठेवली, बराच वेळ ठेवली आणि मी धरलेल्या तस्तात थुंकली.

“खारट.”

“यंत्र ठीक म्हणतंय.”

“तू चाखलीस?”

“चाखली. मला नाही लागली खारट.”

“तुझी जीभ बी तुझ्यावाणीच,” ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

मी वहीत दोघींचं लिहिलं. मग चावी घेतली, खोली उघडली आणि तीन तास साधं पाणी सोडलं.